काडीच्या आत दोन काड्या

गेल्या रविवारी मासळी बाजारातून चार बांगडे आणि एक लहानसा जिताडा आणला. मासे साफ करताना मावशी सवयीने आधी पर आणि शेपटी छाटतात. शेपट्या तशाच ठेवा म्हटल्यावर त्यांनी कोयता थांबवून माझ्याकडे पाहिले आणि मग काही न विचारता मासे पिशवीत टाकले. घरी येऊन दोन्ही शेपट्या ताटात शेजारी शेजारी पसरल्या, तेव्हा एकाच कामासाठी निसर्गाने घडवलेली ही दोन अवजारे किती निराळी आहेत हे हाताला लगेच कळले. जिताड्याची शेपटी गोल, रुंद, हातपंख्यासारखी. बोटाने दाबली की ओल्या कापडासारखी दुमडते. बांगड्याची शेपटी खोल दुभंगलेली, दोन्ही पाकळ्या अरुंद आणि टोकदार. दाबली तर वाकते, पण बोट काढताच पुन्हा सरळ होते.

जिताड्याची शेपटी मी उकळत्या पाण्यात घातली आणि कातडी सुटल्यावर तिच्यातली एक काडी चिमट्याने वेगळी केली. डोळ्यांना ती एकच काडी दिसते, पण सुईचे टोक तिच्या बुडाशी घातले की तिचे उभे दोन भाग होतात, भिजलेल्या हरभऱ्याची डाळ सुटावी तसे. प्रत्येक भाग आतून किंचित पन्हळीसारखा असतो आणि बांबूच्या पेरांसारखे त्याचे छोटे छोटे तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. टोकाकडे काडीला फाटे फुटत जातात, म्हणून परांची (शेपटी हाही एक परच) कड बुडापेक्षा कितीतरी मऊ असते.

या दोन अर्ध्या काड्यांमध्येच सारी मेख आहे. पराच्या पसरलेल्या भागात स्नायू मुळीच नसतात. ते सगळे बुडाशी असतात. दोन्ही अर्धे भाग टोकाला एकमेकांना घट्ट जोडलेले असल्यामुळे बुडाशी असलेल्या स्नायूंनी एक भाग ओढला की तो दुसऱ्यावरून किंचित सरकतो आणि संपूर्ण काडी एका बाजूला वाकते. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या दोन पट्ट्या कापून त्यांची फक्त टोके चिकटवावीत, दुसऱ्या टोकाशी एक पट्टी स्थिर धरून दुसरी थोडी मागे ओढावी, म्हणजे हे लगेच दिसते. तात्पर्य, पर किती वाकावा हे सर्वस्वी पाण्याच्या हाती नसते. पाणी त्याला एका बाजूला ढकलत असताना मासा त्याला ताठ धरू शकतो, हवे तर पाण्याच्या रेट्याविरुद्ध उलटा वाकवूही शकतो.

आता या वाकण्याचा उपयोग काय? शेपटी म्हणजे माशाचे वल्हे, असे आपण सहज म्हणून जातो, पण ही उपमा फसवी आहे. वल्हे पाण्याला मागे ढकलते आणि परतताना पाण्याबाहेर येते; माशाची शेपटी मात्र डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जाते, सदैव पाण्यातच असते आणि मागे अशी कधी जातच नाही. मग मासा पुढे कसा जातो? ताठ फळी उभी, सरळ धरून पाण्यात डावी-उजवीकडे हलवली, तर पाणीही फक्त डावीकडे आणि उजवीकडेच ढकलले जाईल. शेपटी डावीकडे निघते तेव्हा तिचे बूड आधी जाते आणि मऊ कड मागे रेंगाळते, म्हणजेच उजवीकडे राहते. त्यामुळे पाण्याला भिडणारी बाजू तिरपी होऊन डावीकडे आणि थोडी मागे तोंड करते. पाणी डावीकडे व मागे लोटले जाते, मासा उजवीकडे व पुढे. परतीच्या फटकाऱ्यात हेच उलट बाजूने घडते, आडवे धक्के एकमेकांना बरेचसे खोडून काढतात आणि पुढचा धक्का तेवढा उरतो. शेपटीच्या अरुंद देठाशी मासा स्वतःही हा तिरपेपणा साधतो, हे खरे. पण कडेचा लवचीकपणा तो प्रत्येक क्षणी, पाण्याच्या दाबाप्रमाणे, आपसूक नेमका करत राहतो.

खात्री करण्यासाठी मी घमेल्यात पाणी घेऊन वर चिमूटभर हळद भुरभुरली. स्टीलची फूटपट्टी उभी धरून हलवली तेव्हा हळद दोन्ही बाजूंना फाकली आणि घमेल्यात नुसती खळबळ झाली. मग प्लॅस्टिकच्या फाइलचे आवरण कापून केलेली पट्टी पुढच्या कडेला धरून तशीच हलवली, तर हळदीचे लहान भोवरे आळीपाळीने सुटून मागे सरकू लागले आणि त्यांच्या मधून पिवळी धार माझ्यापासून दूर निघाली. (घमेले पुन्हा पांढरे झालेले नाही, याबद्दल घरात जे बोलले गेले ते इथे लिहीत नाही.)

हे भोवरे म्हणजेच माशाच्या पोहण्याचा खरा हिशोब आहे. पुलाच्या खांबामागेही आळीपाळीने भोवरे सुटतात. थिओडोर फॉन कारमान यांनी १९११-१२ च्या सुमारास त्यांचे गणित मांडले, म्हणून त्या रांगेला त्यांचे नाव आहे. पण खांबामागचे भोवरे पाण्याचा वेग खातात, तर पोहणाऱ्या माशामागचे भोवरे उलट दिशेने फिरतात आणि दोन रांगांमधून मागे वाहणारी धार तयार करतात. ही धार कमी कष्टात मिळण्यासाठी शेपटीची दर सेकंदाची वारंवारता गुणिले तिच्या फेऱ्याची रुंदी, भागिले माशाचा वेग, हा आकडा साधारण ०.२ ते ०.४ च्या दरम्यान असावा लागतो; त्याला स्ट्राउहाल संख्या म्हणतात. समजा, २५ सेंटिमीटरचा बांगडा सेकंदाला एक मीटर वेगाने चालला आहे, त्याची शेपटी ५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात सेकंदाला ६ वेळा ये-जा पूर्ण करते. उत्तर येते ०.३.

लवचीक म्हणजे जितके मऊ तितके चांगले, असे मात्र नव्हे. शेपटी फारच मऊ असेल तर ती निशाणासारखी नुसती फडफडते आणि पाण्याला रेटाच बसत नाही. पोहायला शिकत असताना मी स्वस्तातले रबरी पर पायांत घालत असे. पहिली जोडी इतकी कडक होती की दोन फेऱ्यांत पोटऱ्यांना गोळे येत, दुसरी इतकी लिबलिबीत की पाय मारल्याचे पाण्याला कळतच नसे. शिवाय योग्य ताठपणा वेगाबरोबर बदलतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये कुप्यासारखा (टूनासारखा) यांत्रिक मासा बनवून त्याच्या शेपटीत ताण कमी-जास्त करता येणारी कृत्रिम शीर बसवली. वेग दुप्पट झाला तर ताठपणा चौपट हवा, असे त्यांच्या गणितातून निघाले, आणि ताठपणा बदलणाऱ्या शेपटीला एकाच ताठपणाच्या शेपटीपेक्षा बरीच कमी ऊर्जा लागली. सतत वेगात फिरणाऱ्या कुप्याची चंद्रकोरीसारखी शेपटी इतकी ताठ आणि दबा धरून झेप घेणाऱ्या जिताड्याची पंख्यासारखी शेपटी इतकी मऊ का, हे यावरून पुष्कळसे उलगडते. बांगडा मला या दोघांच्या मधला वाटतो, पण कुप्याच्या बाजूला झुकलेला.

स्नायूंना बाजूला ठेवून नुसत्या लवचीकपणाची ताकद किती, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. वाहत्या पाण्यात अर्धगोल खांब उभा करून त्याच्या मागे, भोवऱ्यांच्या रांगेत, नुकताच मेलेला ट्राउट मासा सोडला होता. भोवऱ्यांच्या ठेक्यावर त्याचे अंग आणि शेपटी जिवंत माशासारखी वळवळू लागली, आणि तो मेलेला मासा प्रवाहाच्या विरुद्ध, खांबाच्या दिशेने पुढे सरकला.