पाच तालुके आणि माझा प्रायर

प्रबंधाचं चौथं प्रकरण संपलं असं मी घरी सांगूनही टाकलं होतं. विषय गोव्यातल्या डिचोलीच्या मुलीला साजेसाच: खाणी बंद झाल्यावर ट्रकमालकांच्या मिळकतीचं काय झालं. २०१२ मध्ये खाणी बंद, मधे थोडी धुगधुगी, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे यांचं बेझियन मॉडेल बसवलं, म्हणजे डेटा बघण्याआधीचा अंदाज (प्रायर) आणि डेटा एकत्र करून निष्कर्ष काढणारं. निकाल: पाचही तालुक्यांना जवळपास सारखाच फटका.

सरांनी पानावरून नजर न उचलता विचारलं, "हे डेटा म्हणतोय की तुमचा प्रायर?"

"प्रायर अगदी सौम्य घेतलाय सर. इन्व्हर्स गॅमा, ०.००१."

"बदलून बघा."

बदलायला एक ओळ, निस्तरायला पंधरा दिवस. गटच पाच, तेव्हा तालुक्या-तालुक्यांत फरक किती हे सांगायचं बळ डेटात फारसं नसतं. ती उणीव प्रायर भरतो. तालुक्यांतल्या फरकावरचा इन्व्हर्स गॅमा हा प्रायर मी सौम्य समजत होते, पण तो शून्याजवळ ठाण मांडून होता, आणि पाचही तालुक्यांना एकमेकांकडे ओढत होता. ०.००१ चा ०.१ केला, सांगेचा अंदाज सरकला. हाफ-कोशी हा मोठ्या फरकांनाही वाव देणारा प्रायर लावला तर सांगे बाकीच्यांपासून सुटलाच, वर त्याच्या अंदाजाचा अनिश्चिततेचा पट्टा इतका रुंद झाला की शून्य फटकाही त्यात आला. हवं ते मॉडेल दाखवायचं, बाकीची लपवायची, ही अर्थमितीतली (आर्थिक आकडेवारीच्या विश्लेषणातली) खोड अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लीमर यांनी १९८३ सालीच चव्हाट्यावर मांडली होती. मी तर लपवलंही नव्हतं, बघितलंच नव्हतं!

आता हाफ-कोशीचं स्केल, म्हणजे तालुक्यांत साधारण किती फरक शक्य धरायचा ते, किती ठेवायचं? काकांना विचारलं. त्यांचे दोन ट्रक अंगणात गंजलेले.

"काका, सांग्याचं आणि आपलं नुकसान किती वेगळं असेल?"

"त्यांच्यातल्या काहींनी गाड्या वेळेत विकल्या, आम्ही आशेवर बसलो. दुप्पट फरक धर. दहापट म्हणशील तर कोण मानणार नाही."

मॉडेल लॉगमध्ये होतं, आणि दुपटीचा लॉग ०.६९. स्केल ०.७ धरलं, शिवाय ०.३५ आणि १.४ वरही चालवलं. एकूण मिळकत घटली, हे तिन्हींत टिकलं. 'सारखाच फटका' हे वाक्य मात्र मी खोडलं, आणि सांग्याचे तिन्ही पट्टे एकाखाली एक छापले.