मातीत रुतलेलं युरेनियम

आजचा अख्खा दिवस कोसोवोच्या नकाशांत गेला. १९९९ मध्ये नाटोच्या ए-१० विमानांनी तिथे डिप्लीटेड युरेनियमच्या (म्हणजे युरेनियम-२३५ बरंचसं काढून घेतल्यावर उरलेल्या जड धातूच्या) सुमारे ३१,००० गोळ्या झाडल्या. एकेका गोळीच्या गाभ्यात साधारण ३०० ग्रॅम धातू. नेमकी ठिकाणं संयुक्त राष्ट्रांना कळवली ती २००० मध्ये! तोवर लोक त्याच जमिनीवर परतले होते. संताप होतो.

रणगाड्यावर आदळलेली गोळी पेटते आणि युरेनियम ऑक्साइडची बारीक धूळ उडते. ती श्वासातून फुप्फुसात जाते. विरघळलेलं युरेनियम मूत्रपिंडाला घातक. पण नेम चुकलेल्या गोळ्यांची मला जास्त धास्ती वाटते. मऊ मातीत त्या खोल घुसतात, वर्षानुवर्षं गंजत राहतात, आणि ते युरेनियम हळूहळू भूजलात उतरू शकतं. वरून गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) फिरवला तरी काही वाजत नाही, कारण मधली मातीच किरणं अडवते. त्यामुळे यंत्र गप्प म्हणून जागा स्वच्छ, हे मान्य करू नका. आसपासच्या विहिरींचं पाणी ठरावीक काळाने तपासायला लावा.

पाण्याच्या अहवालात नुसतं 'एकूण युरेनियम' चालणार नाही, ते निसर्गतःही असतं. समस्थानिकांचं, म्हणजे युरेनियमच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण मागा: नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ सुमारे ०.७२ टक्के, डिप्लीटेडमध्ये ०.२ च्या आसपास. लघवीच्या तपासणीलाही हेच लागू.

आणि बंदीची मागणी करणाऱ्या निवेदनात प्रत्येक कॅन्सरचं खापर याच धुळीवर फोडू नका. तेवढं एक वाक्य पकडून सगळं फेटाळतात. बेल्जियमने २००७ मध्ये अशा शस्त्रांवर बंदीचा कायदा केलाय. बाकीच्या देशांकडे आधी एवढंच मागा: कुठे, कधी, किती गोळ्या झाडल्या.