पत्र्यावरचे दगड उतरवताना : भूकंपाच्या तयारीचा माझा अनुभव

21 मार्च 2024 रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत लागोपाठ दोन धक्के बसले. पहिला 4.5 तीव्रतेचा होता आणि दहा-बारा मिनिटांनी आलेला दुसरा 3.6 चा. त्यानंतर प्रशासनाने लोकांना आवाहन केले, त्यात एक सूचना अशी होती की, ज्यांनी घराच्या पत्र्यांवर आधारासाठी दगड ठेवले आहेत त्यांनी ते काढून घ्यावेत. सूचना शंभर टक्के योग्य होती. कळमनुरी तालुक्यातील आमच्या गावात ती अमलात यायला मात्र वर्ष उलटून गेले, आणि त्या काळात मला भूकंपापेक्षा वाऱ्याचाच विचार अधिक करावा लागला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला महाविद्यालयात शिकत होतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकडीबरोबर मदतीसाठी गेलो होतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती विसर्जन करून झोपलेली माणसे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींखाली आणि वरच्या माळवदाच्या मातीखाली गाडली गेली होती. पाऊस सुरू होता. गावोगावहून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात तुडवले जात होते आणि लोक आमच्याकडे पहारी, घमेली आणि कंदील मागत होते. त्या भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. आमच्या गावावर त्याचा परिणाम एवढाच झाला की, ज्यांना जमले त्यांनी माळवदे उतरवून पत्रे टाकले. डोक्यावरची माती गेली हे चांगलेच झाले. भिंती मात्र त्याच राहिल्या आणि पत्र्यांवर दगड येऊन बसले.

हे दगड म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांना सांगितले पाहिजे. पत्रे वाशांवर किंवा लोखंडी अँगलवर नुसते टेकवलेले असतात आणि ते उडू नयेत म्हणून कडेने वजन ठेवलेले असते. मार्चच्या धक्क्यानंतर मी मुलांना घेऊन एक आळी मोजायला निघालो, तेव्हा पाच-सात किलोच्या दगडांबरोबर फुटके जाते, पाट्याचा अर्धा तुकडा, ट्रॅक्टरचा निकामी टायर आणि एका घरावर तर जुन्या देवळाच्या पायरीचा घडीव चिराही आढळला. बहुतेक ठिकाणी हे वजन नेमके दाराच्या वरच्या कडेला होते, म्हणजे धक्का बसताच माणूस ज्या वाटेने बाहेर धावेल त्याच वाटेवर.

दगड काढण्याविषयी बोलायला मी पहिल्यांदा ज्या घरी गेलो, तिथल्या आजींनी मला एका वाक्यात गप्प केले. ‘‘दगड काढा म्हनता गुर्जी, पर वावधानात पत्रा उडाला तर धराया येताल का तुमी?’’ त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. मोठा भूकंप त्यांच्या हयातीत एकदा, तोही दूर लातूरकडे झाला होता. अवकाळीचा वारा मात्र दर वैशाखात येतो आणि उडालेला पत्रा माणसाला कापून काढतो, हे गावाने पाहिलेले आहे. एका संकटावरचा त्यांचा उपाय दुसऱ्या संकटाचे कारण ठरत होता. तेव्हा पत्रा धरून ठेवणारे दुसरे काही हातात दिल्याशिवाय दगड काढा म्हणण्यात अर्थ नव्हता.

दुसरे काही म्हणजे पत्रा खालच्या अँगलला आवळून धरणारे हुक आणि वायसर. त्यासाठी पैसे कुठून आणायचे, या प्रश्नावर ग्रामपंचायतीत बरीच चर्चा झाली. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता 16 मार्चपासूनच लागू असल्यामुळे निकाल लागेपर्यंत नव्या खर्चाचे नाव काढायचे नाही, असे मला सांगण्यात आले. खासगी घरांच्या छपरांवर ग्रामनिधी खर्च करता येईल का, हाही प्रश्न होताच. प्रकरण त्यामुळे तिथेच थांबले. मग 10 जुलैला सकाळी सातनंतर पुन्हा 4.5 चा धक्का बसला. या वेळी त्याचा केंद्रबिंदू आमच्याच तालुक्यात होता, आणि वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणाऱ्या ज्या आवाजांच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचत होतो, तसा आवाज प्रथमच आमच्याही कानांवर आला. त्या रात्री दोन वाजता मोठा धक्का येणार असल्याचा निरोप मोबाइलवरून फिरला आणि भर पावसाळ्यात, विंचू-सापाची भीती असतानाही, लोक लेकराबाळांसह मैदानात झोपले. भूकंपाची वेळ आधी सांगण्याचे कोणतेही शास्त्र आजवर सापडलेले नाही, हे मी देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिलो. किती जणांनी ऐकले कोणास ठाऊक!

खरा बदल घडला तो औसा तालुक्यातून आलेल्या एका बाईंमुळे. किल्लारीनंतर सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा जो कार्यक्रम राबवला, त्यात ज्या गावांत पडझड कमी होती तिथली घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करण्याचे काम होते, आणि त्यासाठी गावातीलच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले होते. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना उभे केले. 2001 मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या अशा स्त्रिया तिथल्या स्त्रियांना आपला अनुभव सांगायला गेल्या होत्या. आमच्याकडे आलेल्या बाई त्यांपैकीच एक. त्यांनी बचत गटाच्या महिलांची बैठक घेतली नाही. त्या थेट घरांत शिरल्या.

एका घरात भिंतीला पोट आले होते. बाईंनी त्यावर हात फिरवून सांगितले की, ही भिंत दोन पदरी आहे, मधे नुसती खडी-माती भरलेली आहे आणि दोन्ही पदर बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही; हलली की बाहेरचा पदर बाहेर आणि आतला आत पडणार. त्यांच्या गावात अशा भिंतीतून ठरावीक अंतरावर दगड काढून आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोके वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. तेवढा खर्च आमच्याकडे कोणालाच झेपणारा नव्हता, हे ओळखून त्या वर पाहू लागल्या. मांडणीच्या सर्वांत वरच्या फळीवर तांब्या-पितळेची भांडी ओळीने लावलेली होती आणि बरोबर खाली दोन लहान मुलांचे अंथरूण होते. ‘‘भिंत राहू दे, आधी हे हंडे खाली घे बाई, नाहीतर लेकरांचं अंथरूण तरी सरकव,’’ एवढेच त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी आळीतल्या किती घरांत अंथरुणे हलली, हे मी दुसऱ्या दिवशी मुलांकडूनच ऐकले. माझ्या भाषणांनी हे झाले नव्हते.

हुकांचा प्रश्नही महिलांनीच सोडवला. एका घराचा खर्च हजाराच्या आतबाहेर होता. बचत गटाने तो उसना दिला आणि मजुरी वाचवण्यासाठी पेरणीला करतात तशी सावड केली. आज पाच जणांनी याच्या छपरावर राबायचे, उद्या त्याच्या. वेल्डिंगचे काम करणाऱ्या गावातल्याच एका तरुणाने सर्वांना शिकवले की भोक नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचे, नाळीत पाडले की पहिल्याच पावसात घर गळते आणि घरधनी पुन्हा दगडाकडे वळतो. पत्रा अँगलला बांधला तरी अँगल भिंतीला बांधलेला नसेल तर वाऱ्याने सगळा सांगाडाच उचलला जातो, हेही त्यानेच दाखवून दिले. म्हणून अँगलची टोके भिंतीत खड्डा घेऊन काँक्रीटमध्ये पक्की केली. जिथे लाकडी वासे होते तिथे हुकांऐवजी स्क्रू मारले. काम होईपर्यंत दगडांच्या जागी वाळूच्या अर्धवट भरलेल्या गोण्या ठेवल्या. तेवढी तडजोड केल्यावर आजींनीही फुटके जाते खाली उतरवू दिले.

दरम्यान 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत गावाच्या आपत्ती व्यवस्थापन समितीचा ठराव झाला. अशा समित्या कागदावर सर्वत्र असतात. आमची टिकली याचे कारण, माझ्या मते, तिने आधी एक वही तयार केली. ट्रॅक्टर कोणाकडे आहे, पहारी आणि दोर कोणाकडे, अंथरुणाला खिळलेली माणसे कोणत्या घरात, गरोदर स्त्रिया कोण, रात्री गाडी काढून देईल असा चालक कोण, हे सगळे कागदावर लिहून त्याच्या प्रती पिठाची गिरणी, अंगणवाडी आणि शाळा अशा तीन ठिकाणी ठेवल्या, कारण मोबाइलचे मनोरे आधी बंद पडतात. पहिल्या पानावर रुग्णवाहिकेचा 108 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे क्रमांक आहेत. शाळेत सराव घेतला तेव्हा पाहुणे आले, छायाचित्रे निघाली. उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा. चौथीच्या वर्गाचे दार आत उघडते आणि मुले एकदम दाराशी आली की ते उघडतच नाही, हे त्या दिवशी कळले. दार उलटे बसवून घेतले.

गावातील बहुतेक छपरांवर आता दगड नाहीत. जी राहिली आहेत त्यांपैकी काही भावकीच्या वादातली आहेत. हिस्सा ठरलेला नसल्याने छपराला हात कोणी लावायचा यावर भाऊ अडून बसले आहेत. बाकीची ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची आहेत. टोळी निघते तेव्हा घर बंद असते आणि परत येते तेव्हा वैशाखाचे वारे सुरू झालेले असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी ते उलट दोन दगड वाढवूनच जातात. या घरांची नोंद वहीत वेगळ्या पानावर केली आहे आणि दसऱ्याच्या सुमारास, मुकादम उचल देण्यासाठी येतो त्या आठवड्यात, बचत गटाने त्यांचे हुक आणून ठेवायचे ठरवले आहे.