मामांचा खुबा आणि ४० टक्क्यांची रेघ

पहाटे पाचची एसटी धरली तरच जिल्हा रुग्णालयात वेळेत नंबर लागतो, हे आधीच्या फुकट गेलेल्या फेरीनं शिकवलं होतं. त्या वेळी तर आम्ही भलत्याच वारी गेलो. दिव्यांग तपासणीचे वार ठरलेले असतात आणि हाडांचे, कानांचे, डोळ्यांचे डॉक्टर एकाच दिवशी बसतील असंही नाही. निघण्याआधी फोन करून वार नक्की करा.

मामा गवंडी. तीन वर्षांपूर्वी परांचीवरून पडले, खुबा मोडला, प्लेट बसवली. उजवा गुडघाही पुरता वाकत नाही. संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करायचा तर किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला हवा, म्हणून ही वारी.

कागद: स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग दाखल्यासाठीचं सरकारी संकेतस्थळ) नोंदणी केल्याची पोचपावती, आधार, फोटो, डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे. जुना एक्स-रे ‘आता काय उपयोग’ म्हणून मी घरी ठेवणार होतो. मामींनी बळंच पिशवीत घातला. डॉक्टरांनी सगळ्यात आधी तोच मागितला.

तपासणी फार तर पंधरा मिनिटांची. आधी गोल मोजपट्टीनं सांधा किती अंशांत वळतो ते पाहिलं, मग पायाला विरुद्ध दिशेनं जोर लावून ताकद. त्यानंतरचा भाग मला महत्त्वाचा वाटला: सपाट चाला, वळा, दुखऱ्या पायावर उभे राहा, मांडी घाला, उकिडवे बसा. आणि इथंच मामांनी घोळ घातला. भिंतीचा आधार घेत, दात-ओठ खाऊन ते उकिडवे बसले आणि वर म्हणाले, “जमतंय की!”

आयुष्यभर कुणापुढं दुबळं दिसायचं नाही अशी सवय. मी न राहवून बोललो, “साहेब, घरी ते असे बसतच नाहीत. आज बसलेत, उद्या दिवसभर आडवे असतील.” डॉक्टर भले होते. मामांना आधाराशिवाय उठायला सांगितलं. उठता आलं नाही.

म्हणून सोबत माणूस न्याच, आणि आदल्या रात्री नीट बोलून घ्या. लंगडण्याचं नाटक अजिबात नको, ते अनुभवी डॉक्टर चटकन ओळखतात. पण दुखणं झाकूही नका. एकदा जमतं आणि दिवसभर जमतं यातला फरक आपण सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. या सगळ्यात ‘काम काय करता?’ हा प्रश्न टक्क्यांच्या हिशेबात येतच नाही. मोजला जातो तो सांधा. आता उकिडवं बसता येत नाही म्हणून गवंड्याचं काम सुटतं, टेबलाशी बसणाऱ्याचं सुटत नाही. टक्के मात्र दोघांना सारखेच! कामावर झालेल्या अपघाताच्या भरपाईचा कायदा निराळा आहे. आधी तो १९२३ चा होता, २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. तिथं कमाईची क्षमता किती गेली ते पाहतात. कोपराच्या वर डावा हात तुटलेल्या एका सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७६ साली, एका हातानं सुतारकाम होत नाही म्हणून, त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली असं धरलं. पण तो दावा साधारणपणे दोन वर्षांत करायचा असतो. आम्हाला कळलं तेव्हा तिसरं वर्ष सरत आलं होतं. उशिराचं सबळ कारण असेल तर मुदत माफ होऊ शकते, पण तुम्ही त्यावर विसंबू नका. कुणी साइटवर पडलं तर पहिल्याच महिन्यात वकील गाठा.

रांगेतल्या एका आजींचा गुडघा आणि कान दोन्ही अधू होते, पण ‘कान तर म्हातारपणाचाच’ म्हणून त्या बोलणारच नव्हत्या. दोन्ही सांगायचं असतं. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, तिचं सूत्र ठरलेलं आहे. ३० आणि २० मिळून ५० नव्हे, साधारण ४३ होतात. तरी रेघ ओलांडली जाते, हे काय कमी आहे?

निकाल हातात लगेच मिळत नाही, दाखला पुढं पोर्टलवर येतो. आमचा आला: ४२ टक्के, कायमस्वरूपी. सोबतचं दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड पिवळं, कारण ४० च्या खाली पांढरं आणि ८० पासून पुढं निळं असतं. टक्के कमी आले तर अपील करता येतं. दाखला मिळाला तरी निराधार योजनेचे पैसे आपोआप सुरू होत नाहीत हेही सांगून ठेवतो. तहसीलमध्ये वेगळा अर्ज करायचा, उत्पन्नाचा दाखला आणि राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा जोडायचा. ती फेरी अजून व्हायचीय.

दाखला वाचून दाखवला तेव्हा मामा म्हणाले, “म्हणजे अठ्ठावन्न टक्के शिल्लक आहे. मग ठेकेदार अठ्ठावन्न टक्के मजुरीवर घेईल का, विचार की त्याला.”