थुंकी थेट चिपवर टाकतात का?

"टीबीची तपासणी चिपवर होते म्हणता, म्हणजे थुंकी चिपवरच टाकता का?" ट्रूनॅटसाठी, म्हणजे चिपवर टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या मशीनच्या तपासणीसाठी, डबी हातात दिली की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नाही. चिपवर जातो तो थुंकीतून काढलेला डीएनए, तोही जेमतेम सहा मायक्रोलिटर (मायक्रोलिटर म्हणजे मिलीलिटरचा हजारावा भाग). आणि बहुतेक घोळ त्याच्या आधीच होऊन बसलेले असतात.

पहिला घोळ डबीतच. लाळ नको, छातीतून खाकरून काढलेला बेडका हवा. डबीत जंतूच उतरले नाहीत तर मशीन बिचारं काय दाखवणार? बेडक्यात लिक्विफॅक्शन बफरचे, म्हणजे बेडका पातळ करणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब टाकून दहा मिनिटं ठेवायचं. पिपेटने उचलताना अजून तार धरत असेल तर घाई करू नये. मग त्यातला अर्धा मिली लायसिस बफरच्या (जंतू फोडणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत, वर पुन्हा लिक्विफॅक्शन बफरचे दोन थेंब, तीन मिनिटं. हे सगळं ट्रूप्रेप या डीएनए वेगळा करणाऱ्या मशीनच्या कार्ट्रिजमध्ये ओतलं की साधारण वीस मिनिटांत डीएनए वेगळा होऊन मिळतो.

ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही टीबीच्या पहिल्या तपासणीसाठी ते मान्य केलं. चिप बोटाच्या पेराएवढ्या जागेत काम उरकते, कारण डीएनएच्या प्रती वाढवायला तो तापवून-निववून घ्यावा लागतो, आणि एवढासा थेंब झटकन तापतो आणि झटकन निवतो. सहा मायक्रोलिटर डीएनए आधी सुक्या रसायनाच्या बारीक ट्यूबमध्ये सोडायचा आणि अर्धा-एक मिनिट नुसतं थांबायचं. टिचकी मारायची नाही, हलवायचं नाही, पिपेटने वरखाली करायचं नाही. द्रव नितळ झाला की त्यातले सहा मायक्रोलिटर चिपच्या पांढऱ्या खळग्यात, मधोमध. टिपचं टोक तळाला खरचटलं किंवा थेंब काठाबाहेर गेला, तर ती चिप गेलीच म्हणून समजा.

पस्तीसेक मिनिटांत निकाल. 'इनव्हॅलिड' आलं तर तो निगेटिव्ह नव्हे. तपासणी नीट चालली का हे दाखवणारा, सोबत चालणारा अंतर्गत कंट्रोलच लागलेला नसतो, तपासणी पुन्हा करावी लागते. टीबी निघाला तर उरलेल्या डीएनएवरच रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध जंतूंना लागू पडेल का हे बघणारी दुसरी चिप लावतात, तिला आणखी तासभर. जंतू फार थोडे असले तर ती कधी 'इनडिटरमिनेट', म्हणजे नक्की सांगता येत नाही, म्हणून हात वर करते.

औषधं सुरू झाल्यावर मात्र "गुण आला का, चिपवर बघा" असं म्हणू नका. मेलेल्या जंतूंचा डीएनएही चिपला दिसतो. गुण बघायला अजूनही सूक्ष्मदर्शक आणि कल्चरच (जंतू वाढवून बघणं).