आईचा मध्यम, लेकीचा षड्ज

रविवार, रात्र

गरब्याचे ढोल अजून थांबलेले नाहीत. खिडकी लावून घेतली आणि वही उघडली. आज दुपारी जे झालं ते उद्यापर्यंत डोक्यात इतकं ताजं राहणार नाही.

कोजागिरीला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर आम्ही तिघी गाणार आहोत. मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, मी आणि त्यांची लेक, माझी पुतणी. साठेक माणसं, पन्नास मिनिटं, फक्त नाटकातली पदं. निवडायला बसण्याचा हा तिसरा रविवार. पहिल्या दोन रविवारी वह्या निघाल्या, चहा झाला, प्रत्येकीने आपापलं लाडकं पद म्हणून दाखवलं आणि ठरलं काहीच नाही. घोडं अडत होतं पट्टीवर, म्हणजे पेटीच्या कुठल्या पांढऱ्या किंवा काळ्या पट्टीला आपला षड्ज, सा, धरायचा यावर. साठीनंतर वहिनींचा आवाज खाली आलाय, आता त्या पांढरी चारला गातात. पुतणीची काळी पाच. मी मधली, काळी चारची. एकत्र म्हणायचं म्हणून पांढरी पाच धरून पाहिली. वहिनींना तार सप्तकात ओढून न्यावं लागे आणि पुतणीचा आवाज खाली गेला की ऐकूच येत नसे. मधली पट्टी सगळ्यांना थोडी थोडी चालते आणि कुणालाच खुलवत नाही.

आज पेटीवर पुतणी बसली होती. आईच्या पट्टीतले सूर एकेक दाबत वर गेली आणि मध्यमावर, म्हणजे म वर, बोट तसंच ठेवून म्हणाली, "आई, तुझा मध्यम म्हणजे माझा षड्ज आहे."

पांढरी चारचा मध्यम काळी पाच. इतकी वर्षं पेटी वाजवतेय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण या दोघींच्या गळ्यांना लावून मी ते कधी पाहिलंच नव्हतं. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी सौभद्रातलं सुभद्रेचं "वद जाऊ कुणाला शरण" आपल्या पट्टीत सुरू केलं, संथ, आहे त्या आवाजात. मुखडा संपवून त्या मध्यमावर थांबल्या. त्यांचा सूर हवेत असतानाच पुतणीने तोच सूर आपला षड्ज म्हणून उचलला आणि अंतरा वर नेला. तबला एकच पुरेल, काळी पाचला लावलेला. वहिनींना तो मध्यमाचा, तिला षड्जाचा. माझे हात भात्यावर नव्हते म्हणून बरं, मला डोळे पुसता आले.

एक पद ठरलं. तीन रविवारांत एक, पण आता बाकीची कशी निवडायची तेही कळलं. आधी गळे बघायचे, मग पदं.

मंगळवार, अष्टमी

पुतणी नाटक शिकलेली आहे. तिच्या मनात या कार्यक्रमाचा घाट कॅबरेचा आहे. हा शब्द ऐकल्यावर वहिनींच्या कपाळाला आठी पडली, कारण आपल्याकडे त्या नावाबरोबर हिंदी सिनेमातला नाचच डोळ्यांपुढे येतो. तिने आईला शांतपणे समजावलं. 1881 मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्र भागात "काळं मांजर" अशा अर्थाच्या नावाची एक जागा उघडली. तिथे कवी आणि गाणारे टेबलांमध्ये उभे राहून म्हणत, मधे बोलत, ऐकणाऱ्यांकडे बघत. पुढे बर्लिनमध्ये ते फार धारदार झालं. त्याच बर्लिनमधलं 1928 चं ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं संगीतक पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलं, 1978 मध्ये, "तीन पैशाचा तमाशा" म्हणून. "म्हणजे आई, ते आपल्या घरात कधीच येऊन बसलंय," ती म्हणाली.

मला तिचं म्हणणं पटलं, आणि कारण माझं स्वतःचं आहे. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात आम्हाला शेवटची दहा मिनिटं दिली होती. उंच मंच, समोर प्रखर दिवे, लोक चपला शोधायला उठलेले. ऐकणाऱ्याचा एक चेहरा दिसला नाही. तेव्हाच मनाशी म्हटलं होतं, पुन्हा गाईन ती चेहरे दिसतील अशाच जागी. गच्चीवर मंच नको, खुर्च्या अर्धगोल, मधे आम्ही.

नांदीवरून मात्र जुंपली. पुतणीचं म्हणणं, नाट्यपदांच्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात "पंचतुंड नररुंडमालधर"नेच होते, आपण सरळ गोष्टीला हात घालू. वहिनी म्हणाल्या, "नांदीशिवाय मी उभी राहणार नाही." 1880 मध्ये किर्लोस्करांच्या शाकुंतलात जी नांदी झाली, ती ऐकताना समोरची जुनी माणसं अजूनही मांडी सावरून बसतात, हे मी पाहिलंय. त्यामुळे मी वहिनींच्या बाजूने. नांदी राहील, तिघी मिळून, पांढरी पाचलाच. तीन-चार ओळींत कुणाच्या गळ्याला त्रास होत नाही.

त्यानंतर लगेच शारदा नाटकातलं "म्हातारा इतुका न". यावर तिघींचं एकमत व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मैत्रिणींनी मैत्रिणीसमोर म्हणायचं पद आहे ते, खुर्च्यांमधून फिरत म्हणता येईल. लोक हसतील, हसायलाच हवं, आणि मग पुतणी दोन वाक्यं बोलेल. देवलांचं नाटक 1899 चं, आणि पाचच वर्षांनी, 1904 मध्ये, आपल्याच सयाजीराव महाराजांनी संस्थानात बालविवाह रोखणारा कायदा केला. नाटकामुळे कायदा झाला असं मी तिला म्हणू देणार नाही. पण या गावात बसून ते पद ऐकताना दोन्ही साल शेजारी शेजारी कानावर पडावीत असं फार वाटतं.

गुरुवार, दसरा

सोनं वाटून आलो. संध्याकाळी सूरसागरच्या काठाने एकटीच चालत गेले, संगीत महाविद्यालयापर्यंत. मौलाबक्षांनी 1886 मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेचा हा वारसा. मी इथे शिकले. आज बाहेर उभी राहून एका प्रश्नाचा निकाल लावायचा होता. "नाथ हा माझा" ठेवायचं का?

माझं आयुष्यभराचं पद आहे ते. स्वयंवर नाटक 1916 चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि बुवा तर आमच्या संस्थानातल्या कठोर गावचे, बडोद्यातच फैजमहंमद खाँसाहेबांकडे शिकलेले. यमन तर त्यात असा उतरलाय की मुखड्यातच घर मिळतं. पण मी ते धरलं की दहा-बारा मिनिटं सोडत नाही, आणि तेवढा वेळ उरलेल्या दोघी माझ्या दोन्ही बाजूंना हात जुळवून बसणार. ती माझी बैठक होईल. तिघींचा कार्यक्रम नाही राहणार.

काढलं. लिहिताना अजून दुखतंय. त्याऐवजी स्वयंवरातलंच "सुजन कसा मन चोरी" पुतणीला दिलं. भूप आहे, तिच्या काळी पाचला तो लखलखतो, आणि रुक्मिणीचं वय तिला शोभतं. मधल्या आलापांना मी खाली आधार धरेन.

घरी परतले तर शेजारच्या मासी जिन्यात भेटल्या. त्या गुजराती, पण लहानपणापासून या पोळात, म्हणजे आमच्या गल्लीत, मराठी ऐकत मोठ्या झालेल्या. म्हणाल्या, तुमचे बालगंधर्व तसे आमचे जयशंकर "सुंदरी", दोघेही बायकांच्या भूमिका करणारे पुरुष. एका नाटकातली भूमिकाच माणसाच्या नावाला कायमची चिकटली. त्यांच्या सासूबाई सांगत, बायका त्यांच्याकडे बघून पदर घ्यायला शिकायच्या. मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. आमच्या पुढ्यात बसणारी निम्मी माणसं गुजराती असतील. पदांमधलं बोलणं दोन्ही भाषांत करायचं, हे जिन्यातच ठरवलं.

शुक्रवार

आज भांडण झालं. एकच प्यालातल्या "कशि या त्यजू पदाला"वरून.

वहिनींना ते हवंच होतं. आमच्या सासूबाई पोळ्या करताना गुणगुणायच्या ते हेच. पुतणी म्हणाली, "दारुड्या नवऱ्याचे पाय सोडवत नाहीत हे मी लोकांसमोर गोड करून गाणार नाही." ती चुकीचं बोलत नव्हती. वहिनींचा चेहरा उतरला, तोही खोटा नव्हता. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, मला एक रात्र द्या, आणि मग एका रात्रीचीही गरज पडली नाही, कारण मला जे माहीत होतं ते तिथेच सांगत गेले.

गडकरी 1919 च्या जानेवारीत गेले. त्यांच्या पश्चात गंधर्व नाटक मंडळीने एकच प्यालाचा पहिला प्रयोग केला, तो बडोद्यात. पदं गडकऱ्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. नायिका सिंधू झाले बालगंधर्व. म्हणजे बाईचं दुःख, शब्द पुरुषाचे, गळा पुरुषाचा. पण चाल? चाली दिल्या सुंदराबाई जाधवांनी. त्या स्वतः मोठ्या गायिका, लावणी-ठुमरीच्या. बालगंधर्वांनी त्या चाली त्यांच्याकडून घेतल्या. सिंधूच्या तोंडचे शब्द आपल्याला नको असतील, पण ती कळ ज्या सुरांत आहे ते सूर एका बाईचे आहेत, आणि ते आपल्याच गावच्या रंगमंचावर पहिल्यांदा लोकांपुढे आले.

पुतणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकू, बडोद्यातच हिंदू बायकांना घटस्फोटाचा कायदा मिळाला ना? 1931?" हो, म्हटलं. देशभराचा कायदा यायच्या कितीतरी आधी.

"मग आई मुखडा म्हणेल. फक्त मुखडा. तान नाही, पुन्हा पुन्हा आळवणं नाही. टाळ्यांना जागा न ठेवता मी पुढचं उचलीन."

पुढचं कुठलं, हे आम्हा तिघींना एकदमच सुचलं असावं. "एकलेपणाची आग लागली हृदया". 1933, आंधळ्यांची शाळा. ज्योत्स्नाबाई भोळे रंगमंचावर, केशवराव भोळ्यांची चाल. बाईची भूमिका बाईने, बाईच्या आवाजात. दोन पदांत अवघी चौदा वर्षं. आम्ही लगेच म्हणून पाहिलं. पहिल्यांदा जोड नीट बसला नाही, लय वेगळी पडते. वहिनींनी शेवटचा सूर दोन मात्रा जास्त धरला आणि बसला. म्हणताना वहिनी लेकीकडे बघत होत्या.

त्या मुखड्याआधी काय बोलायचं, ते मीच बोलणार आहे. सुंदराबाईंचं नाव घेतल्याशिवाय तो सूर लावायचा नाही.

शनिवार, दुपार

कागदावर क्रम उतरवला. नांदी, म्हातारा, सुजन कसा, वद जाऊ, मग सिंधू आणि त्याला जोडून एकलेपणाची आग. त्यानंतर लोकांना श्वास घेऊ द्यायला हवा, म्हणून माझं एकटीचं "काटा रुते कुणाला". 1968 चं, अभिषेकींची चाल, आणि शब्द शांताबाई शेळक्यांचे. एवढ्या यादीत बाईने लिहिलेलं हे एकच पद आहे. एकच. हे मी तिथे मोठ्याने सांगेन.

पुतणीला मत्स्यगंधेतलं "गर्द सभोती रान साजणी" घालायचं होतं, मलाही. वेळ बसेना. राहिलं.

शेवट भैरवीने, कुलवधूतलं "बोला अमृत बोला". 1942, पुन्हा ज्योत्स्नाबाई, चाल मास्टर कृष्णरावांची. ते संपेपर्यंत दूध गार होऊ नये अशी मासींची सूचना आहे.

संध्याकाळी वहिनींनी एक जुना फोटो काढून दाखवला, मासिकातून कापून ठेवलेला. हिराबाई बडोदेकर. या गावचं नाव लावणाऱ्या. पुरुष बायकांच्या भूमिका करत होते त्या काळात हिराबाईंनी भावंडांना घेऊन नाटक मंडळी काढली, सुभद्रा स्वतः उभी केली. सोबत कमलाबाई, आणि अगदी लहान वयातच रंगमंचावर आलेल्या सरस्वतीबाई. तिघी बहिणी. पुढे उतारवयात हिराबाई आणि सरस्वतीबाई जुगलबंदी गायच्या. वहिनी म्हणाल्या, "दोघींना एकमेकींकडे बघावंसुद्धा लागत नसे." मग फोटो पुन्हा वहीत ठेवला आणि पुतणीला म्हणाल्या, "चल, तो मध्यम पुन्हा घेऊ."

चार वेळा घेतला. चौथ्या वेळी मी पेटी बंद केली तरी दोघी थांबल्या नाहीत.

तबलजींना फोन केला. काळी पाचचा आणि काळी चारचा, दोन्ही आणा म्हटलं. खुर्च्या शेजारून चाळीस येतील, बाकीच्यांना सतरंज्या. दूध सांगायचं राहिलंय, पंधरा लिटर.