तापलेली कुंडी

१२ मे, नागपूर. दुपारचे दोन. गच्चीवरच्या जास्वंदीनं मान टाकलीय.

पाण्याचा मग उचलण्याआधी मातीत बोट घालायचं, दोन पेरं आत. ओल लागतेय, म्हणजे पाणी कमी नाही. आता काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला पश्चिमेच्या अंगानं तळवा लावून बघावा. टिकत नाही. आणि पाणी ओढणारी बारीक पांढरी मुळं नेमकी याच भिंतीला आतून चिकटलेली असतात. ती भाजली की ओल्या मातीतही झाड तहानलेलं राहतं. आपण घाबरून आणखी पाणी ओततो, मग उरलेली मुळं कुजतात. मे महिन्यात गेलेल्या कितीतरी झाडांच्या नावावर 'ऊन लागलं' असं लिहिलं जातं, पण खरा घात कुंडीनं केलेला असतो.

म्हणून पानांच्या आधी कुंडीला सावली. पश्चिमेकडून गोणपाट गुंडाळून ते सकाळ-दुपार भिजवायचं. खाली दोन विटा, म्हणजे गच्चीची धग थेट तळाला लागत नाही आणि पाणी जायचं भोकही मोकळं राहतं. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या की आतल्या ओळीतल्यांना आपोआप आडोसा मिळतो. मातीची कुंडी पाझरते, त्यामुळे गार राहते. पण तिला या दिवसांत दोनदा पाणी लागतं, हेही धरून चालावं.

पाणी सकाळी सातच्या आत. दहा इंची कुंडीला लिटर-सव्वा लिटर, तेही दोन हप्त्यांत: अर्धं घालायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग उरलेलं. एकदम ओतलं तर फसगत होते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा खडखडीत वाळलं की पाणी झटकून टाकतं. माती आक्रसून कडेला फट पडलेली असते, त्या फटीतून पाणी सरळ तळाला. खालून धार लागली म्हणून आपण खूश, आणि मधला गोळा कोरडाच. अशी कुंडी उचलली की हलकी लागते. ती पाण्यानं भरलेल्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास बसवावी, मग निथळू द्यावी.

पाइपमधलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, ते बादलीत सोडावं. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र कुंडीत नको. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पानांच्या कडा करपायला तेवढं पुरतं.

मातीवर दोन इंच पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या. खोडाला चिकटवायच्या नाहीत, बोटभर जागा सोडायची.

पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी नेट जास्वंद, गुलाबावर ठीक. मोगऱ्याला तिच्याखाली कोंडू नये. त्याला सकाळचं पाच-सहा तास ऊन हवंच, नाहीतर नुसती पानं येतात. पहिला बहर ओसरला की फुलं येऊन गेलेल्या काड्या दोन-तीन पेरं खाली छाटायच्या, कारण कळ्या नव्या फुटीच्या टोकालाच धरतात. कळी जांभळट पडून वाळत असेल तर ती फोडून पाहावी. बारीक छिद्र, आत अळी. अशा कळ्या खुडून पिशवीत बांधून टाकायच्या, कुंडीत पाडायच्या नाहीत.

जास्वंदीची कळी न उमलता गळते, त्याला दोन कारणं नेहमीची: माती कधी चिखल कधी खडखडीत, नाहीतर देठाशी मिलीबग, ही कापसासारखी दिसणारी कीड. एक लिटर कोमट पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि चार-पाच थेंब पातळ साबण, ऊन उतरल्यावर फवारणी, आठवड्यानं पुन्हा. भर उन्हात फवारलं तर किडीआधी पानं जळतात. पानांवर फिकट ठिपके दिसले तर खाली पांढरा कागद धरून पान झटकावं. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ती लाल कोळी नावाची कीड. तिला सकाळी पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवसांआड.

खताचा हात आवरावा. कोरड्या मातीत तर मुळीच नको. कुंडी बदलणंही पावसाळ्यावर टाकावं.

संध्याकाळचे सात. जास्वंदीची पानं ताठ झालीत, माती अजून ओली. आज पाणी नाही. गोणपाट तेवढं भिजवायचं, आणि त्या कुंडीची तापलेली बाजू उद्या पूर्वेच्या कठड्याकडे फिरवायची.